सरकारी चर्च आणि त्यात न बसणारी माणसं: इंग्लंडच्या डिसेंटर्सबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या इतिहासात १६८९ चा टॉलरेशन अ‍ॅक्ट (सहिष्णुतेचा कायदा) आला की बहुतेक नोट्समध्ये ‘धार्मिक स्वातंत्र्य मिळालं’ अशी एक ओळ असते आणि पान उलटतं. त्या एका ओळीवरून जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केलेत. भाषा बोलण्यातलीच ठेवलीय. क्रमाने वाचलंच पाहिजे असं काही नाही, पण पहिले दोन वाचले तर पुढचं सोपं जाईल.

एस्टॅब्लिश्ड चर्च म्हणजे नक्की काय?

सरकारने नुसतं मान्य केलेलं नाही, तर सरकारचाच एक भाग असलेलं चर्च. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये पोपशी संबंध तोडले आणि इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख तो स्वतःच झाला. मधे मेरीच्या काळात सगळं परत कॅथलिक झालं, मग १५५९ मध्ये एलिझाबेथने ते पुन्हा प्रॉटेस्टंट केलं आणि ती व्यवस्था थोडाफार फरक होत आजपर्यंत चालू आहे. बिशप राजा नेमणार, बिशप हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये बसणार, उपासना कशी करायची त्याचं पुस्तक पार्लमेंटच्या कायद्याने ठरलेलं, आणि गावागावात पॅरिश, म्हणजे एकेका चर्चचा ठरलेला इलाखा. तुम्ही जिथे राहता तिथल्या पॅरिशचे तुम्ही, तुम्हाला विचारलंय कोणी. रविवारी चर्चला गेलं नाही तर १२ पेन्स दंड, आणि १५८१ नंतर तो महिन्याला २० पौंडांपर्यंत गेला. २० पौंड म्हणजे साध्या मजुराची वर्षभराची कमाईसुद्धा एवढी नसायची. हा मोठा दंड मुख्यतः कॅथलिकांना डोळ्यासमोर ठेवून होता, पण कायदा एकदा केला की तो कुणावरही वापरता येतो, हे पुढे दिसेलच.

मग डिसेंटर कोण?

जे प्रॉटेस्टंट होते पण ह्या सरकारी चर्चमध्ये बसत नव्हते ते. कॅथलिकांना ह्यात धरत नाहीत, त्यांची कथा वेगळी आणि जास्त कडू आहे. डिसेंटर्समध्ये प्रेस्बिटेरियन (बिशप नकोत, वडीलधाऱ्यांच्या सभा हव्यात), काँग्रिगेशनलिस्ट किंवा इंडिपेंडंट (प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपण बघायचा), बाप्टिस्ट (तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा नको, मोठं होऊन समजून उमजून घ्यायचा) आणि क्वेकर (पाळकच नको, शांत बसायचं, ज्याला आतून वाटेल त्याने बोलायचं). नंतर युनिटेरियन आले, ते त्रैक्यच (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव) मानत नव्हते. मेथडिस्टांचं थोडं अडनिडं आहे, कारण जॉन वेस्ली १७९१ मध्ये मरेपर्यंत ‘मी चर्च ऑफ इंग्लंडचाच’ म्हणत राहिला आणि त्याचे लोक हळूहळू बाहेर पडत गेले.

एकाच धर्माचे, त्यातही एकाच पंथाचे, मग एवढं भांडण कशावरून?

बाहेरून बघणाऱ्याला हे सगळं क्षुल्लक वाटतं हे खरंय. प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी) घेताना गुडघे टेकायचे की नाही, पाळकाने पांढरा झगा घालायचा की नाही, छापील प्रार्थना वाचायची की मनातून करायची. पण प्रत्येक मुद्द्याच्या मागे एकच सवाल आहे की हे ठरवणार कोण, राजा का माझी सदसद्विवेकबुद्धी. पहिल्या जेम्सने १६०४ मध्ये हॅम्प्टन कोर्टला प्युरिटनांना (चर्च अजून शुद्ध करा म्हणणाऱ्या प्रॉटेस्टंटांना) तोंडावर सांगितलं होतं, बिशप नाही तर राजाही नाही. त्याला बरोबर कळलं होतं की वरचा बिशप नको म्हणणारा माणूस उद्या वरचा राजाही नको म्हणेल, आणि त्याच्या पोराचं डोकं १६४९ मध्ये उडालंच.

क्वेकरांनी तर अजून डोकेदुखी करून ठेवली. ते कुणासमोर टोपी काढायचे नाहीत, मोठ्या माणसाला आदराचं संबोधन वापरायचे नाहीत, कोर्टात शपथ घ्यायचे नाहीत (बायबलमध्ये शपथ घेऊ नका लिहिलंय म्हणून) आणि दशमांश (चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा) द्यायचे नाहीत. न्यायाधीशाच्या दृष्टीने हा धर्माचा विषयच नव्हता, सरळ उद्धटपणा होता.

वेगळं मत असलं की जाळून मारायचे का?

सोळाव्या शतकात हो. इंग्लंडमध्ये पाखंडी म्हणून जाळलेला शेवटचा माणूस एडवर्ड वाइटमन, लिचफिल्ड, १६१२. डिसेंटर्सना मात्र बहुतेक वेळा पाखंडासाठी नाही तर राजद्रोहासारख्या आरोपाखाली संपवलं गेलं, १५९३ मध्ये हेन्री बॅरो आणि जॉन ग्रीनवूड ह्यांना असंच फासावर दिलं. वाइटमनला जाळलं त्याच सुमाराला टॉमस हेल्विस नावाच्या बाप्टिस्टाने लिहिलं की माणसाच्या आणि देवाच्या मधे राजाला काही काम नाही, मग तो माणूस पाखंडी असो, तुर्क असो की ज्यू असो. इंग्रजीत एवढं सरसकट स्वातंत्र्य मागणारं त्याच्याआधी फारसं कोणी नाही. राजाने त्याला न्यूगेटच्या तुरुंगात टाकलं, तो तिथेच मेला. सहिष्णुतेवर लिहिणाऱ्या जॉन लॉक ह्या तत्त्वज्ञाचं नाव सगळ्यांना माहीत असतं, हेल्विसचं कुणाला नसतं.

क्रॉमवेलच्या काळात तरी मोकळीक होती ना?

राजाचं डोकं उडाल्यावर देश चालवणारा प्युरिटन सेनानी तो. मोकळीक होती, पण ज्याची काठी त्याची म्हैस. बिशप गेले, जुनं प्रार्थनापुस्तक बंद झालं, म्हणजे आता अँग्लिकनच (चर्च ऑफ इंग्लंडचे लोक) डिसेंटर झाले. बाप्टिस्ट, इंडिपेंडंट, क्वेकर ह्यांना श्वास घ्यायला मिळाला, १६५६ पासून ज्यू लोकांना लंडनमध्ये गुपचूप राहू दिलं गेलं. पण त्याच वर्षी जेम्स नेलर नावाचा क्वेकर येशूसारखा गाढवावर... बरोबर सांगायचं तर घोड्यावर बसून ब्रिस्टलमध्ये शिरला, तर पार्लमेंटने त्याच्या जिभेला तापल्या लोखंडाने भोक पाडलं आणि कपाळावर डाग दिला. ती पार्लमेंट प्युरिटनांचीच होती.

१६६० नंतर राजा परत आला तेव्हा काय झालं?

परत आला तो मारलेल्या राजाचा मुलगा, दुसरा चार्ल्स. त्याने यायच्या आधी हॉलंडमधल्या ब्रेडाहून जाहीर केलं की कुणाच्या श्रद्धेला त्रास देणार नाही. राजाला कदाचित ते मनापासून वाटतही होतं, पण पार्लमेंटमध्ये बसले होते सूड घ्यायला टपलेले अँग्लिकन जमीनदार. त्यांनी एकामागून एक कायदे केले, त्या सगळ्यांना मिळून क्लॅरेंडन कोड म्हणतात.

१६६१: नगरपालिकेत पद हवं तर अँग्लिकन पद्धतीने प्रभुभोजन घेतलेलं असलं पाहिजे. १६६२: प्रत्येक पाळकाने प्रार्थनापुस्तक जसंच्या तसं मान्य करायचं, २४ ऑगस्ट शेवटची तारीख, नाहीतर बाहेर. १६६० ते १६६२ मध्ये सुमारे २००० पाळक असे घराबाहेर पडले, घराबाहेर हे शब्दशः, कारण राहतं घर चर्चचं असायचं. १६६४: घरच्या माणसांशिवाय पाच किंवा जास्त लोक अँग्लिकन पद्धत सोडून उपासनेला जमले तर गुन्हा. १६६५: हाकललेल्या पाळकाने मोठ्या गावाच्या किंवा आपल्या जुन्या मंडळीच्या पाच मैलांच्या आत पाऊल ठेवायचं नाही.

१६७० ची सुधारणा तर फारच बेरकी. दंडाचे तीन भाग, एक राजाला, एक गावातल्या गरिबांना, एक खबऱ्याला. झालं, खबऱ्यांचा धंदाच सुरू झाला. शेजाऱ्याच्या घरात कोण कोण जमतंय हे मोजत बसायचं आणि पैसे घ्यायचे.

बनियन १२ वर्षं तुरुंगात का होता?

जॉन बनियन, ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ लिहिणारा. भांडी दुरुस्त करणारा कासार, लायसन्स नसताना प्रवचन करत होता म्हणून. नोव्हेंबर १६६० मध्ये बेडफर्डजवळ पकडला, तोही एलिझाबेथच्या काळातल्या १५९३ च्या जुन्या कायद्याखाली. ‘परत प्रवचन करणार नाही’ एवढं म्हणाला असता तर सोडला असता, त्याचं उत्तर असं की आज सोडलंत तर उद्या प्रवचन करीन. आत बसून तो बुटांच्या नाड्यांना टोकं लावायचा, ते विकून घर चालायचं.

मला ह्या प्रकरणात बनियनपेक्षा त्याची बायको एलिझाबेथ मोठी वाटते. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, सावत्र चार पोरं, त्यातली थोरली आंधळी, नवऱ्याला पकडल्याच्या धक्क्याने हिचं स्वतःचं मूल गेलं. १६६१ मध्ये ही बाई बेडफर्डच्या स्वान नावाच्या खाणावळीत न्यायाधीशांसमोर उभी राहिली आणि वाद घातला. मॅथ्यू हेल नावाचे न्यायाधीश जरा विरघळले, कुठला अर्ज कसा करायचा ते सांगितलं, पण सोडलं नाही. बनियन बाहेर आला तो १६७२ मध्ये. त्याच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’चा मराठी अनुवाद हरि केशवजींनी १८४१ मध्ये ‘यात्रिकक्रमण’ म्हणून केला, मराठी कादंबरीच्या इतिहासात त्याचं नाव घेतात ते हेच.

ज्युरीला उपाशी ठेवलं ती केस कुठली?

१६७०, विल्यम पेन आणि विल्यम मीड ह्या दोन क्वेकरांची. लंडनमध्ये ग्रेसचर्च स्ट्रीटवरच्या क्वेकर सभागृहाला सैनिकांनी कुलूप घातलं होतं, म्हणून पेनने बाहेर रस्त्यावरच बोलायला सुरुवात केली. दोघांना पकडून ओल्ड बेली ह्या लंडनच्या कोर्टात उभं केलं. दोघांच्या डोक्यावर टोपी नव्हती, तर कोर्टाच्या माणसांकरवी टोप्या घालायला लावल्या आणि मग कोर्टात टोपी काढली नाही म्हणून दंड ठोकला! पुढे ज्युरीने निकाल दिला की पेन ग्रेसचर्च स्ट्रीटवर बोलला एवढंच सिद्ध होतंय. बेकायदा जमाव वगैरे काही लिहायला तयार नाहीत. त्यांना परत आत पाठवलं, परत तेच. दोन रात्री कोंडून ठेवलं, खाणं नाही, पाणी नाही, शेकोटी नाही, लघवीला भांडंही नाही. शेवटी त्यांनी ‘निर्दोष’ असा निकाल दिला तर प्रत्येक ज्युररला ४० मार्क दंड आणि भरेपर्यंत तुरुंग. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

त्यातला एडवर्ड बुशेल दंड भरेना. तो वरच्या कोर्टात गेला आणि सरन्यायाधीश व्हॉन ह्यांनी ठरवलं की निकाल आवडला नाही म्हणून ज्युरीला शिक्षा करता येणार नाही. आज जिथे जिथे ज्युरी आहे तिथे हे तत्त्व पाळतात. ह्याची पाटी ओल्ड बेलीत लावलेली आहे.

मग १६८९ मध्ये एकदम सहिष्णुता कुठून आली?

एकदम नाही, आणि प्रेमाने तर नाहीच. दुसरा जेम्स कॅथलिक होता. त्याला कॅथलिकांवरचे कायदे शिथिल करायचे होते, म्हणून त्याने १६८७ मध्ये डिसेंटर्सनाही सोबत घेऊन सगळ्यांनाच सूट जाहीर केली, पार्लमेंटला न विचारता. आता डिसेंटर्स पेचात, हवी ती गोष्ट मिळतेय पण चुकीच्या माणसाकडून. काहींनी घेतली (पेन तर राजाचा दोस्तच होता), बऱ्याच जणांना वास आला. ती घोषणा चर्चमध्ये वाचून दाखवायला सात बिशपांनी नकार दिला, त्यांच्यावर खटला झाला, ३० जून १६८८ ला ते सुटले आणि लंडनभर होळ्या पेटल्या. त्या गडबडीत अँग्लिकन नेत्यांनी डिसेंटर्सना शब्द दिला की राजाच्या नादी लागू नका, आम्ही बघतो तुमचं. मग जेम्स जाऊन त्याची मुलगी मेरी आणि जावई विल्यम गादीवर आले, आणि दिलेला शब्द थोडाफार पाळावा लागला.

त्या कायद्यात होतं तरी काय?

जुने कायदे रद्द केले नाहीत, हे आधी लक्षात घ्या. फक्त ठरावीक लोकांना त्या कायद्यांच्या शिक्षेतून सूट दिली. सूट कुणाला, तर राजाशी निष्ठेची शपथ घेणाऱ्या आणि पोपविरोधी जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या प्रॉटेस्टंटांना. पाळकांना वर चर्च ऑफ इंग्लंडच्या ३९ कलमांपैकी बहुतेक सगळ्यांवर सही करावी लागायची. बिशप आणि विधींबद्दलची ३४, ३५, ३६ आणि विसाव्यातला एक तुकडा वगळला, बाप्टिस्टांना बालबाप्तिस्म्याचा भाग माफ. क्वेकर शपथ घेत नाहीत म्हणून त्यांना नुसतं प्रतिज्ञापत्र. सभागृह बिशपकडे किंवा कोर्टात रजिस्टर करायचं. आणि उपासना चालू असताना दाराला आतून कडी लावायची नाही! सरकारला अजूनही धास्ती होती की बंद दाराआड हे लोक कट करतात. उलट कुणी बाहेरून येऊन उपासनेत गोंधळ घातला तर त्याला २० पौंड दंड, ही एक चांगली गोष्ट होती आणि पुढे ती उपयोगी पडली.

कोण बाहेर राहिलं?

कॅथलिक, त्रैक्य न मानणारे, ज्यू, नास्तिक. १६९८ मध्ये तर त्रैक्य नाकारणाऱ्यांसाठी वेगळा ईशनिंदेचा कायदा आला, युनिटेरियनांना कायदेशीर मान्यता मिळाली ती १८१३ ला.

पण जॉन लॉकने तर सहिष्णुतेवर लिहिलं, त्याचा परिणाम ना हा?

त्याचं पत्र लॅटिनमध्ये हॉलंडात छापलं गेलं तेही १६८९ मध्येच, म्हणजे कायदा आणि पत्र साधारण बरोबरच बाहेर आले. पत्र वाचून कायदा झाला असं काही नाही. आणि लॉकचं मन कायद्यापेक्षा मोठं असलं तरी नास्तिकांना त्याच्याही यादीत जागा नव्हती, कारण देव न मानणाऱ्याच्या शपथेवर भरवसा कसा ठेवायचा.

१६८९ नंतर डिसेंटर्सचं सगळं सुरळीत झालं का?

उपासनेपुरतं हो. बाकी त्यांची अवस्था सोसायटीतल्या भाडेकरूसारखी होती, मेंटेनन्स पूर्ण भरायचा पण मीटिंगमध्ये तोंड उघडायचं नाही. आपल्या मंडळीचा, आपल्या पाळकाचा खर्च स्वतः करायचा, आणि शिवाय पॅरिशच्या अँग्लिकन पाळकाला दशमांश द्यायचा, पिकातला, दुधातला, कोकरांतला दहावा हिस्सा. पॅरिश चर्चचं छप्पर गळतंय, घंटा बदलायचीय, तर त्यासाठी चर्च रेट नावाचा टॅक्स तोही सगळ्यांनी. क्वेकर पैसे द्यायचे नाहीत, मग वसुलीवाले येऊन गाय, भांडी, धान्य उचलून न्यायचे, आणि क्वेकर मंडळी शांतपणे वहीत लिहून ठेवायची की अमुक तारखेला अमुक किमतीची वस्तू नेली. अशा नोंदींचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत.

एसेक्समधल्या ब्रेनट्री गावात तर चर्च रेटवरून १८३७ ते १८५३ खटला चालला. गावच्या सभेत बहुमताने रेट नाकारला, अल्पमतवाल्यांनी तरी लावला, प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि डिसेंटर जिंकले. सक्तीचा चर्च रेट पुढे १८६८ मध्ये संपला.

सरकारी नोकरी मिळायची का?

कागदावर नाही. १६७३ च्या टेस्ट अ‍ॅक्टप्रमाणे नेमणूक झाल्यावर ठरावीक मुदतीत अँग्लिकन चर्चमध्ये प्रभुभोजन घेऊन त्याचं सर्टिफिकेट आणायचं. मग लोकांनी पळवाट काढली, वर्षातून एकदा जाऊन प्रभुभोजन घ्यायचं, पद घ्यायचं आणि उरलेले ५१ रविवार आपल्या सभागृहात. १६९७ मध्ये लंडनचे लॉर्ड मेयर सर हम्फ्री एडविन पदाच्या पूर्ण थाटात डिसेंटर्सच्या सभेला गेले तेव्हा टोरींच्या (सरकारी चर्चची बाजू घेणारा पक्ष) नाकाला मिरच्या झोंबल्या. १७११ मध्ये ही पळवाट कायद्याने बंद केली, १७१४ मध्ये डिसेंटर्सच्या शाळांवरही बंदी आणली, १७१९ मध्ये दोन्ही कायदे रद्द झाले. १७२७ पासून दर एक-दोन वर्षांनी ‘ज्यांनी टेस्ट पाळली नाही त्यांना माफी’ असा इंडेम्निटी अ‍ॅक्ट काढायचा रिवाज पडला. कायदा तसाच ठेवायचा आणि मोडणाऱ्याला दरवर्षी माफ करायचं, फार इंग्रजी काम आहे हे.

शेरीफच्या दंडातून लॉर्ड मेयरचं घर बांधलं हे खरं का?

खरं आहे, आणि हा किस्सा ह्या पूर्ण विषयातला सगळ्यात निर्लज्ज प्रकार आहे. लंडन सिटीने १७४८ मध्ये नियम केला की शेरीफ (शहराचा एक अधिकारी) म्हणून निवड झालेल्याने पद नाकारलं तर जबर दंड. मग मुद्दाम पैसेवाले डिसेंटर शोधून शोधून शेरीफ म्हणून निवडायला लागले. पद घ्यावं तर प्रभुभोजनाची अट, ती मनाला पटत नाही. नाकारावं तर ६०० पौंडांपर्यंत दंड. आई जेऊ घालीना, बाप भीक मागू देईना. ह्या दंडातून १५,००० पौंडांच्या वर जमले आणि ते लॉर्ड मेयरसाठी मॅन्शन हाऊस बांधायला वापरले.

अ‍ॅलन इव्हान्स नावाचा डिसेंटर अडून बसला. केस चालत चालत १७६७ ला हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये पोचली, तिथे लॉर्ड मॅन्सफिल्ड ह्यांनी सांगितलं की टॉलरेशन अ‍ॅक्टनंतर डिसेंटर असणं हा गुन्हाच राहिलेला नाही, त्यामुळे ज्याला तुम्हीच कायद्याने अपात्र ठरवलंय त्याला पद घेत नाही म्हणून दंड करता येणार नाही. इव्हान्स तोवर मरणाच्या दारात होता, पण निकाल त्याच्या कानावर गेला म्हणतात. मॅन्शन हाऊस अजून उभं आहे, बँक ऑफ इंग्लंडच्या समोरच.

लग्न, जन्म, मृत्यू ह्यांचं काय?

१७५४ पासून लग्न फक्त अँग्लिकन चर्चमध्ये आणि अँग्लिकन पद्धतीने झालं तरच कायदेशीर. सवलत फक्त क्वेकरांना आणि ज्यूंना, त्यामुळे बाप्टिस्ट जोडपंसुद्धा लग्नापुरतं पॅरिशच्या पाळकासमोर उभं राहायचं. १८३६ मध्ये कायदा बदलला, १८३७ पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली, तोपर्यंत वारसाच्या भांडणात चर्चच्या बाप्तिस्मा रजिस्टरला जो मान होता तो डिसेंटर्सच्या वह्यांना नव्हता. दफन सगळ्यात हाल करणारं. खेड्यात दफनभूमी एकच, चर्चच्या आवारात, आणि तिथे विधी करणार अँग्लिकन पाळकच. बाप्तिस्मा न झालेलं बाप्टिस्टाचं पोर गेलं तर त्याच्यासाठी विधीच नाही. हे बदलायला १८८० उजाडलं.

शिक्षण?

ऑक्सफर्डला प्रवेश घेतानाच ३९ कलमांवर सही, केंब्रिजला शिकायला मिळायचं पण डिग्री नाही. म्हणून डिसेंटर्सनी स्वतःच्या अकॅडमी काढल्या आणि तिथे विज्ञान, आधुनिक भाषा, इतिहास असं शिकवलं जे ऑक्सफर्डला धड शिकवत नव्हते. वॉरिंग्टनच्या अकॅडमीत ऑक्सिजनवाला जोसेफ प्रीस्टली शिकवायला होता. पुढे धर्माची अट नसलेलं युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये १८२६ ला निघालं, आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या अटी १८७१ मध्ये बहुतांशी गेल्या.

लोकांचा राग होता का, की फक्त सरकारचा?

लोकांचाही, भडकवला की उफाळायचा. १७१० मध्ये सॅशेव्हरेल नावाच्या पाळकाच्या खटल्यावरून लंडनमध्ये जमावाने डिसेंटर्सची सभागृहं मोडून बाकं रस्त्यात जाळली. १७९१ मध्ये बर्मिंगहॅमला ‘चर्च अँड किंग’ ओरडत जमावाने प्रीस्टलीचं घर, लायब्ररी, प्रयोगशाळा सगळं जाळलं. तो १७९४ मध्ये अमेरिकेला निघून गेला.

अमेरिकेत गेलेल्या प्युरिटनांनी तरी सगळ्यांना मोकळीक दिली असेल?

अजिबात नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांनी स्वतःचंच एस्टॅब्लिश्ड चर्च उभं केलं, रॉजर विल्यम्सला हाकललं, क्वेकरांना हद्दपार केलं आणि परत आले तर फाशी. मेरी डायर ही क्वेकर बाई परत परत आली, १ जून १६६० ला बॉस्टनमध्ये तिला फाशी दिली. ते चर्च सरकारपासून वेगळं झालं १८३३ मध्ये, म्हणजे अमेरिका स्वतंत्र होऊन अर्धशतक उलटल्यावर.

ह्या सगळ्याचा आपल्याकडे काही संबंध?

आहे, आणि बराच जवळचा. विल्यम कॅरी हा नॉर्थॅम्प्टनशरमधला चांभार, बाप्टिस्ट, म्हणजे पक्का डिसेंटर. १७९३ मध्ये कंपनीच्या लायसन्सशिवाय डॅनिश जहाजातून बंगालला आला, आणि पुढे डॅनिशांच्या श्रीरामपूरला राहिला कारण कंपनीच्या हद्दीत मिशनऱ्यांना थारा नव्हता. कलकत्त्याला कंपनीच्या फोर्ट विल्यम कॉलेजात त्याला घेतलं तर डिसेंटर म्हणून सुरुवातीला प्रोफेसर नाही, नुसता टीचर. इंग्लंडातली टेस्ट इथपर्यंत पोचलेली बघा. त्याच माणसाने वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० मध्ये मोडी लिपीत कोश.

मुंबईत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन काँग्रिगेशनल मिशनरी १८१३ मध्ये उतरले, त्यांना निघून जायचे हुकूम निघाले, ते चिकाटीने टिकले आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन झालं. नगरचं मिशन तेच, रेव्हरंड टिळकही त्यातलेच. दुसरीकडे कंपनीच्या १८१३ च्या चार्टरनंतर (सनदेनंतर) अँग्लिकन बिशपचा पगार इथल्या महसुलातून जायचा. मुंबईला वेगळा बिशप १८३७ मध्ये आला. म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्याच्या साऱ्यातला काही वाटा लांबच्या एका चर्चला पोचत होता, आणि त्याला ह्याची गंधवार्ता नव्हती.

स्कॉटलंडचं सरकारी चर्च तर प्रेस्बिटेरियन, म्हणजे इंग्लंडमध्ये जे डिसेंटर ते तिकडे राज्यकर्ते. पाळक कोणी नेमायचा, जमीनदाराने की मंडळीने, ह्यावरून १८४३ मध्ये ते चर्च फुटलं आणि साडेचारशेच्या वर पाळक घरदार, पगार सोडून बाहेर पडले. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन त्यांच्याबरोबर गेले, ज्यांच्या नावाने गिरगाव चौपाटीवर कॉलेज आहे ते.

१९३० मध्ये भारतातलं अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळं झालं. आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला अँग्लिकन, बाप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल असे सगळे एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. जे इंग्लंडमध्ये चारशे वर्षांत जमलं नाही ते नागपुरात झालं म्हणायला हरकत नाही.

हे निर्बंध एकूण संपले कधी?

तुकड्यातुकड्याने. टेस्ट आणि कॉर्पोरेशन अ‍ॅक्ट १८२८, कॅथलिकांना पार्लमेंट १८२९, ज्यूंना १८५८. नास्तिक चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० मध्ये निवडून आला पण शपथेच्या घोळात त्याला १८८६ पर्यंत धड बसू दिलं नाही (हाच ब्रॅडलॉ १८८९ च्या मुंबई काँग्रेसला आला होता). आयर्लंडमधलं चर्च सरकारपासून १८७१ ला सुटलं, वेल्समधलं १९२० ला. ईशनिंदेचा गुन्हा इंग्लंडमध्ये २००८ पर्यंत कायद्यात होता.

इंग्लंडमध्ये अजून एस्टॅब्लिश्ड चर्च आहे का?

आहे. राजा अजून चर्चचा सुप्रीम गव्हर्नर आहे, तो कॅथलिक असू शकत नाही (कॅथलिकाशी लग्न करायला हरकत नाही, ही मुभा २०१३ च्या कायद्याने आली), आणि २६ बिशप हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये बसतात. जुन्या कायद्यांची शेपटं कशी राहतात बघा: १८२९ च्या कायद्यात कॅथलिकांना पार्लमेंटमध्ये घेताना एक कलम घातलं की चर्चच्या नेमणुकांबद्दल राजाला सल्ला कॅथलिकाने द्यायचा नाही, १८५८ मध्ये ज्यूंसाठीही तसंच कलम घातलं. हिंदूंबद्दल कुणी काही लिहिलंच नाही, तसा पंतप्रधान होईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यामुळे ऋषी सुनक आले तेव्हा बिशपांच्या नेमणुकीची नावं राजाकडे पाठवायला त्यांना कायद्याने कसलीच आडकाठी नव्हती.